वीतभर उंचीवरचा डाग

पेठेतलं भाड्याचं घर सोडताना मालकांनी डिपॉझिट कापू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या चौकटीवरचा एक डाग घासून काढला होता. तपकिरी, तेलकट, जमिनीपासून वीतभर उंचीवर. आमची मांजरी चिंगी रोज जाता-येता तिथे गाल घासायची. साबणाच्या पाण्याने डाग जाईना, शेवटी काथ्या घ्यावा लागला.

त्याच संध्याकाळी नव्या फ्लॅटमध्ये सामान उतरलं, गॅस जोडून झाला, दूध उतू गेलं, पण चिंगीचा पत्ता नव्हता. तासाभराने ती वॉशिंग मशीनच्या मागे सापडली, बुबुळं बशीएवढी करून बसलेली. आई म्हणाली, "कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. तिला तिथेच शेजाऱ्यांकडे ठेवायचं होतं."

आईचं अर्धं बरोबर होतं. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकटं राहतं, एकटं शिकार करतं आणि आपला इलाखा वासाने आखून घेतं. ही सवय घरात आल्यावरही सुटलेली नाही. मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांच्या गाद्यांत गंधग्रंथी असतात. टेबलाच्या पायाला गाल घासणारं मांजर लाडात आलंय असं आपल्याला वाटतं. ते खरं तर तिथे 'हे ओळखीचं आहे' अशी नोंद करत असतं. फ्रान्समधले पशुवैद्यक पॅट्रिक पाजा यांनी १९९०च्या दशकात गालावरच्या या स्रावातले घटक वेगळे काढले. वस्तूंवर लागणारं मिश्रण निराळं आणि ओळखीच्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर लागणारं निराळं, असं त्यांना आढळलं. असे गंध टिपायला मांजराच्या टाळूत, वरच्या दातांच्या मागे, वेगळं इंद्रिय असतं. काही हुंगून झाल्यावर मांजर क्षणभर तोंड अर्धवट उघडं टाकून बावळटासारखं थिजतं ना, तेव्हा हे इंद्रिय काम करत असतं.

म्हणजे मी काथ्याने जे घासून काढलं, ती चिंगीच्या घराची सही होती. आणि नव्या घरात तिच्यासाठी एकही सही नव्हती. होता तो फक्त ऑइलपेंटचा वास.

त्यावर आपण आणखी एक उद्योग करतो. नवं घर म्हणून फिनेल टाकून फरशी पुसतो. काही फिनेलांत असणारं फिनॉल पोटात गेलं तर माणसाचं यकृत त्याला दुसरा एक रेणू चिकटवून लघवीवाटे बाहेर काढू शकतं. मांजराच्या जातीत या कामाच्या एका मुख्य एन्झाइमचं जनुकच निकामी झालेलं आहे, त्यामुळे त्याच्या शरीरात हे विष रेंगाळतं. (पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ती बऱ्याच अंशी याच कारणाने.) ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटणारच. तेव्हा फिनेल बंद, कपाटातल्या डांबरगोळ्याही बंद. साधं पाणी आणि थोडा साबण पुरतो.

मी चिंगीला मशीनमागून ओढून काढणार होतो. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं. लपणं हाच तिचा उपाय आहे, म्हणाले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलेलं आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोकं दिलं, ९ जणांना दिलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकंवाल्यांचा ताण स्पष्ट कमी दिसला. चौदाव्या दिवसापर्यंत दोन्ही गट सरासरीत सारखे झाले. खोक्याविना मांजर शेवटी रुळतं, पण मधले दिवस फार वाईट काढतं. घर बदलताना खोक्यांना काय तोटा? मिक्सरचं खोकं आडवं केलं, आत तिची जुनी गोधडी घातली. न धुतलेली. आईने नाक मुरडलं, पण त्या गोधडीत तेव्हा चिंगीचं अख्खं जुनं घर होतं.

पहिले काही दिवस एकच खोली द्यायची. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, दुसऱ्या टोकाला वाळूचा ट्रे. जेवणाशेजारी संडास मांजराला चालत नाही. मऊ फडकं तिच्या गालांवरून फिरवून तेच दाराच्या चौकटीला आणि सोफ्याच्या कोपऱ्यांना पुसायचं, तिच्या उंचीवर. बाजारात या गंधाची कृत्रिम नक्कल प्लगला लावायच्या डिफ्यूझरमध्ये मिळते. तिच्यावरच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. मला तरी फडकं स्वस्तात पडलं.

लक्ष ठेवायचं ते खाण्यावर. 'भूक लागली की खाईल' हे मांजराला लागू पडत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगावरची चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साचते. लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. ताणाने मूत्राशयालाही सूज येते. बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

बाल्कनीला जाळी आधी, मांजर नंतर. मांजर पडलं तरी पायांवरच उतरतं, हे पुष्कळदा खरं असतं, पण ते उतरणं फुकट नसतं. न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये छापून आली. उपचारांनंतर सुमारे ९० टक्के जगली खरी, पण कित्येकांच्या छातीला मार बसला होता, जबडे आणि पाय मोडले होते.

बैठं घर असेल तर निदान तीन-चार आठवडे बाहेर सोडू नये, विशेषतः जुनं घर जवळ असेल तर. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं मांजर परत आल्याची गोष्ट प्रत्येक गावात असते. अमेरिकेतल्या फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ मध्ये प्रयोगांचा अहवाल छापला, त्यात पिल्लांपासून दूर नेलेली मांजरी काही मैलांवरून परतली होती. जुन्या घराच्या सह्या अजून ओल्या असतात, पाय तिकडेच वळतात.

चिंगीने दुसऱ्या रात्री दोन घास खाल्ले. पाचव्या दिवशी शेपूट उभी धरून स्वयंपाकघरापर्यंत आली, कुकरची शिट्टी झाली तशी परत खोक्यात. महिन्याभराने आई ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली दिसली. नव्या पांढऱ्या रंगावर वीतभर उंचीवर काहीतरी तपकिरी लागलं होतं, आणि ती म्हणत होती, "हे कुणी केलं?"

मी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं.