ऑपेराची नायिका पियानोपाशी कशी आली

ऑपेरात म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात नाव कमावलेली सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) 'आर्ट साँग'ची, म्हणजे कवितेला चाल लावून पियानोसोबत गायच्या गाण्यांची मैफल करते तेव्हा रंगमंचावर ती, एक पियानो आणि वादक एवढंच असतं. वेशभूषा, नेपथ्य, माइक यांतलं काहीच नाही. आज हा प्रकार जरा सोवळ्यातला वाटतो. मुळात हे गाणं घरगुती होतं. आपल्याकडे बैठकीचं गाणं तिकीटबारीवर आलं, तसंच तेही हळूहळू सभागृहात आलं.

19 ऑक्टोबर 1814. व्हिएन्नात 17 वर्षांच्या संगीतकार फ्रान्झ शूबर्टने जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकातल्या ग्रेटशेन या नायिकेच्या ओळींना चाल लावली. ती चरख्यावर सूत कातत प्रियकराला आठवते आहे. पियानोवादकाच्या उजव्या हातात चाक गरगरत राहतं. त्याच्या चुंबनाची आठवण येते आणि चाक थांबतं. मग अडखळत, चाचपडत पुन्हा फिरू लागतं. काही मिनिटांत अख्खा नाट्यप्रवेश उभा राहतो. पियानो इथे नुसती साथ करत नाही, तो दुसरं पात्रच आहे.

शूबर्ट 31व्या वर्षी गेला, पण मागे सहाशेहून अधिक गाणी ठेवून गेला. त्यातली बरीचशी आधी मित्रांच्या दिवाणखान्यात ऐकली गेली. तिथला बिनीचा गायक योहान मिखाएल फोगल हा मात्र दरबारी ऑपेरात गाजलेला बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुष गायक). 'ऑपेरावाल्यांना ही नाजूक गाणी झेपत नाहीत' हा जाणकारांचा लाडका आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. गायिका आना मिल्डर तर बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ' या ऑपेराची 1805 मधली पहिली नायिका. शूबर्टने अखेरच्या महिन्यांत तिच्यासाठी आवाज, क्लॅरिनेट आणि पियानो यांची 'खडकावरचा मेंढपाळ' ही रचना केली. नोव्हेंबर 1828 मध्ये तो वारला. मिल्डरने ती 1830 मध्ये रीगा शहरात गायली.

तरीही संध्याकाळभर फक्त गाणी ऐकायची, हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. तेव्हाच्या मैफली म्हणजे मिसळीचा कारभार: एखादी आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं), मग व्हायोलिन, मध्येच एक गाणं. 1856 मध्ये यूलियस श्टॉकहाउझनने व्हिएन्नात शूबर्टची वीस गाण्यांची 'सुंदर गिरणीवाली' ही मालिका सलग गायली, तेव्हा ते नवलच होतं.

पुढे छोटी सभागृहं उभी राहिली, तीही बहुतांशी पियानो कंपन्यांच्या पैशांवर. व्हिएन्नात 1872 मध्ये ब्योझेनडॉर्फर, लंडनमध्ये 1901 मध्ये बेखश्टाइन. पियानो खपवायचा असेल तर तो कानावर पडायला हवा, असा साधा व्यापारी हिशेब. पहिल्या महायुद्धात जर्मन मालमत्ता म्हणून लंडनचं सभागृह जप्त झालं आणि 1917 मध्ये 'विगमोर हॉल' या नावाने पुन्हा उघडलं. जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांची ही जागा आजही या गाण्याची पंढरी आहे.

संगीतकार रिखार्ड श्ट्राउसच्या घरातच सोप्रानो होती, त्याची बायको पाउलिने. 1894 मध्ये त्याने तिला लग्नाची भेट म्हणून चार गाणी दिली. नंतर लोटे लेमान या ऑपेरातल्या सोप्रानोने शूबर्टची 'हिवाळी वाट' गायला घेतली. ती एका प्रेमभंग झालेल्या पुरुषाची चोवीस गाणी. बाईने ती गावीत का, यावर नाकं मुरडणारे आजही भेटतात. गाणाऱ्या बायका मात्र थांबलेल्या नाहीत.