ही छत्री उलटते, पण मोडत नाही

आषाढात मालवणच्या जेटीवर किंवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. छत्री समोर धरावी तर वाट दिसत नाही, वर धरावी तर कमरेखाली सगळं भिजतं. त्यात एखादी झड खालून शिरली की छत्री उलटी. पाठ फिरवून ती सरळ करायची, की पुन्हा उलटी. असं दोन-तीनदा झालं की काडी जाते.

आमचं मूळ काम दुरुस्तीचं, ही छत्री आम्ही त्यातूनच बनवली. मृग लागला की दुकानात मोडक्या छत्र्यांचा ढीग पडतो आणि म्हाताऱ्या पावसापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. त्या ढिगानेच आम्हाला एक गोष्ट शिकवली. कापड क्वचित फाटतं. मोडते ती काडी, आणि तीही बहुतेक वेळा एकाच जागी: दांड्यावर सरकणाऱ्या नळीपासून निघालेली आखूड काडी मोठ्या काडीला जिथे मिळते तिथे. तिथून पुढचा भाग आधाराशिवाय बाहेर आलेला असतो. वारा ओढतो तो हाच भाग, आणि सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो. तीन घड्यांच्या छोट्या छत्रीत असे सांधे जास्त, म्हणून ती पर्सपुरती ठीक. किनाऱ्यावर तिचा भरवसा आम्ही देत नाही.

वारा किती ओढतो, तेही बघा. २३ इंची काडीची छत्री उघडली की सुमारे एक मीटर रुंद होते. तिच्यावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर जवळजवळ पाच किलोचा रेटा बसतो. छत्रीचा खोलगट भाग वाऱ्याकडे असेल तर त्याहून जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात १८-२० किलो. तांदळाची अर्धी गोण एका हाताने आडवी धरून चालण्यासारखंच ते. एवढ्या वाऱ्याशी झगडेल अशी जाड काडी घातली तर छत्री तुमच्या हातात राहणार नाही, किंवा तुम्ही छत्रीबरोबर जाल. म्हणून आम्ही काडी जाड केली नाही.

पहिला बदल काडीच्या मालात. पूर्वी युरोपात छत्रीच्या काड्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या असत. १८५२ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल फॉक्सने पन्हळीसारखी पोलादी काडी आणली आणि पुढे सगळीकडे तीच चालली. हलकी आणि मजबूत, पण एका मर्यादेपलीकडे वाकली की वाकलेलीच राहते, आणि पुढच्या झडीत तिथेच मोडते. आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतो तो वेगळाच. आमच्या छत्रीत फायबरची काडी आहे. ती वेताच्या छडीसारखी वाकते आणि परत सरळ होते. सांध्यांना स्टेनलेसच्या रिव्हेट आहेत.

दुसरा बदल कापडात, आणि खरी डोकेफोड याचीच. माथ्याला हातभर रुंद भोक ठेवून त्यावर दुसरं छोटं कापड टोपीसारखं बसवलं आहे. ते फक्त काड्यांपाशी शिवलेलं आहे, मधे मोकळं. खालून वारा भरला की टोपी किंचित उचलते आणि वारा निघून जातो. पहिल्या नमुन्यात टोपी खालच्या कापडावर दोनच बोटं येत होती. आडव्या पावसात पाणी आत आलं आणि आमच्याच घरच्यांनी ती छत्री परत केली. आता चार बोटं आहे. फार जोराच्या पावसात एखादा शिंतोडा तरीही येतो, ते आधीच सांगून ठेवतो.

आपल्या भातलावणीच्या बायका पाठीवर घेतात ते इरलं वाऱ्याला का दाद देत नाही? ते अंगालगत बसतं, खालून वारा भरायला पोकळीच नाही, शिवाय दोन्ही हात मोकळे. त्यावरून मागे लांब, पुढे आखूड अशी छत्री आम्ही करून पाहिली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी असाच आकार केला होता. वाऱ्यात ती फारच चांगली चालली, पण गिऱ्हाईक हमखास उलटी धरायचं. सध्या ती बाजूला ठेवली आहे.

एवढं करूनही छत्री जोराच्या झडीत उलटेल. घाबरू नका, ओढू नका. खटका दाबून मिटा, काड्या आपसूक जागेवर येतात. मग वाऱ्याकडे तोंड करून उघडा. वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र कुठलीही छत्री बाहेर काढू नका, आमचीसुद्धा. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना मोकळ्या सड्यावर तर नकोच. आणि मोटरसायकलवर मागे बसून छत्री उघडायची सवय असेल तर ती सोडा. गाडीच्या वेगाचा वारा समोरच्या वाऱ्यात मिळतो आणि माणूस खाली येतो. त्यासाठी रेनकोट घ्या. आम्ही विकत नाही, तरी सांगतो.

ओली छत्री गुंडाळून ठेवली तर दोन दिवसांत बुरशी. घरात उघडी वाळवा. समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

किंमत ६५० रुपये. वाऱ्याने काडी मोडली तर दोन पावसाळे मोफत बदलून देऊ. फायबर चिरडलं की उभं चिरतं, म्हणून गाडीच्या दारात सापडलेल्या काडीचे ४० रुपये घेऊ. जुन्या छत्रीचा दांडा सरळ असेल तर नवीन घेऊ नका, ती घेऊन या. त्याच दांड्यावर काड्या आणि कापड चढवून देतो. चतुर्थीच्या आधीचा आठवडा सोडून कधीही या, त्या दिवसांत चाकरमान्यांच्या छत्र्यांनी दुकान भरलेलं असतं.