मिरचीच्या बियांची बंदिस्त उगवण व माध्यमाचे तापमान (नाशिक परिसर)

मिरचीचे (प्रजाती कॅप्सिकम) बी खोलीत किंवा आच्छादनाखाली, माध्यम (ज्यात बी पेरतात तो भुसा वा माती) उबदार राखून उगवून घेण्याची पद्धत. उन्हाळी मिरचीची रोपे डिसेंबर-जानेवारीत टाकावी लागतात. त्या काळात नाशिक, दिंडोरी, निफाड भागात किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसखाली उतरते; त्यामुळे उघड्या गादीवाफ्यावरची उगवण रेंगाळते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रोट्रे (रोपांसाठीचे कप्प्यांचे प्लॅस्टिक ट्रे) व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) रुळले, त्याआधी बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवण्याची रीत होती.

मिरची पोर्तुगीजांमार्फत, बहुधा सोळाव्या शतकात, भारतात आली. तिचे मूळ उष्ण अमेरिकेतील असल्याने बी थंडीत जागचे हलत नाही. बियाच्या टोकाशी कोंबाची वाट अडवणारा भ्रूणपोषाचा (बियातील अन्नसाठ्याचा) थर असतो. तो विकरांनी (एन्झाइमांनी) मऊ झाल्यावाचून मूलांकुर, म्हणजे पहिले मूळ, बाहेर पडत नाही. बी गारठ्यातही पाणी शोषून फुगते, पण ही विकरांची क्रिया मंदावते.

इष्टतम तापमानाविषयी एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियात बीज-संशोधक हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात दिलेल्या आकड्यांनुसार रोप वर येण्यास १५ अंशांना २५ दिवस, २० ला साडेबारा, २५ ला सुमारे साडेआठ, ३० ला साडेसात व ३५ ला पावणेनऊ दिवस लागतात. १० व ४० अंशांना उगवण होत नाही. याउलट आंतरराष्ट्रीय बीज परीक्षणाच्या नियमांत २० व ३० अंश आलटून पालटून देण्याची पद्धत असून पहिली मोजणी सातव्या, शेवटची चौदाव्या दिवशी होते. चढउतारामुळे सुप्तावस्थेतील बी जागे होते, हे खरे. पण रोपवाटिकेत सारी रोपे एकाच वेळी वर येणे महत्त्वाचे, म्हणून २७ ते ३० अंशांचे स्थिर तापमान अधिक सोयीचे. चढउताराच्या आधारावर रात्री ऊब बंद ठेवणे मात्र चूक आहे. नियमातील खालची पायरी २० अंशांची आहे. निफाडची जानेवारीतील रात्र तिच्या बरीच खाली असते.

तापमान हवेचे नव्हे, माध्यमाचे मोजावे. ओल्या कोकोपीटमधून बाष्पीभवन होत असल्याने ते खोलीच्या हवेपेक्षा काही अंश गार असते. तापमापकाची सुई बियाच्या खोलीवर, म्हणजे अर्धा ते एक सेंटिमीटर आत, ट्रेच्या कडेच्या कप्प्यात खोचून पहाटेचे तापमान पाहावे. ९८ कप्प्यांच्या ट्रेला सुमारे १.२ किलो कोकोपीट लागते. ते इतपतच ओले असावे की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून एखाददुसराच थेंब यावा. कप्प्यात एकच बी टाकून, वर हलका थर देऊन ट्रे एकावर एक रचतात व प्लॅस्टिकने झाकतात. थप्पीच्या कडेचे व वरचे ट्रे गार पडतात, म्हणून ते अधूनमधून आत फिरवावेत. घरी थर्मोस्टॅट असलेली उष्णचटई पुरते. गच्चीच्या टाकीतले सकाळचे पाणी थेट देऊ नये; एका शिंपणीने माध्यम गारठते. कोमट पाणी वापरावे.

पाचव्या दिवसापासून रोज पाहावे. वाकलेली पांढरी मान दिसताच थप्पी मोडून ट्रे उजेडात पसरावेत. एक दिवसाचा उशीरही रोपे लांबट व लुळी करतो. त्यानंतर खालची ऊब कमी करावी. बियाची टरफले पानांना टोपीसारखी चिकटून राहिली, तर वरचा थर सुकला किंवा बी उथळ पडले असे समजावे.

दोन आठवड्यांत उगवण न दिसल्यास बियाणे बोगस ठरवण्यापूर्वी एक-दोन बिया उकरून चिरून पाहाव्यात. आतला भाग टणक व पांढरा असेल तर बी थंडीने थांबलेले असते. ऊब दिल्यास ते उगवू शकते. करडा, पिचपिचीत व वास मारणारा असेल तर ते कुजले. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ६० टक्केच धरलेली असल्याने काही कप्पे रिकामे राहणारच. उगवलेली रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडल्यास ती पिथियमसारख्या बुरशीची मर होय. तिचे नेहमीचे कारण अतिपाणी.

भूत जोलोकियासारख्या (कॅ. चायनेन्स) जातींना तीन-चार आठवडेही लागतात. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते: झाकलेली थप्पी उन्हात राहिली तर माध्यम ४० अंशांवर जाऊन बी मरते, म्हणून ती सावलीतच ठेवतात.