नेपाळचा जीपी आणि आपला जीपी

गेल्या महिन्यात मिरजेच्या ओपीडीत विट्याकडचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, सुनेला घेऊन आले. धंदा नेपाळात, सून तिथेच बाळंत झालेली. फाइलवर ऑपरेशन करणाऱ्याच्या नावापुढे ‘एमडीजीपी’. सासऱ्यांचा चेहरा उतरलेला. “म्हंजे साध्या जीपीनं शिजर केलं व्हय, डॉक्टर?”

हा प्रश्न मला डॉक्टर मंडळीही विचारतात, म्हणून जास्त वैताग येतो.

आपला जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, काही सांगायला नको. गल्लीतला दवाखाना, एमबीबीएस किंवा बीएएमएस, “तेलकट बंद करा.” पीजी (एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) हुकली की जीपी, हा कॉलेजातला विनोद मला तेव्हाही हलकट वाटायचा.

नेपाळात जीपी हीच पीजी आहे, फाइलवरची ‘एमडीजीपी’ ती हीच. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची. १९८२ साली त्रिभुवन विद्यापीठाने कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या मदतीने ती सुरू केली. डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयाला सर्जन, गायनॅक, ऑर्थो, भूलतज्ज्ञ असे चौघे मिळणार कुठून? मग चौघांचं गरजेपुरतं काम एकालाच शिकवायचं ठरलं. सिझर, अपेंडिक्स, मोडलेल्या हाडाला प्लास्टर, पाठीतून भूल. सुनेचं सिझर करणारा असा शिकून आलेला होता.

आपल्याकडे याची जोडीदार पदवी म्हणजे एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) फॅमिली मेडिसिन. तीही तीन वर्षांची, प्रवेश नीट-पीजीतून. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, मुलं, सगळे वॉर्ड फिरून होतात. गडबड होते ती पुढे. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही गायनॅकची पाटी असते, म्हणून फॅमिली मेडिसिनवाल्याच्या हाती सहसा सुरी येत नाही. बीपी, शुगर, आजीचा गुडघा, नातवाची लस, एकाच घरातलं सगळं तो बघतो. दोन्ही पदव्या सारख्याच म्हणणाऱ्याने एकदा ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून बघावं.

एमडी मेडिसिन यातलं काहीच नव्हे. तो प्रौढांचा फिजिशियन. आणि एमआरसीजीपी इंटरनॅशनल ही ब्रिटनमधल्या जीपींच्या रॉयल कॉलेजशी जोडलेली परीक्षा आहे, रुग्णालयात राबून शिकायची रेसिडेन्सी नाही. नुसत्या तिच्या जोरावर इंग्लंडात जीपी होता येत नाही. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ एवढाच शब्द बारीक अक्षरात का रंगवतात, ते पेंटरलाच विचारायला हवं.

सुनेचा टाका बघितला. स्वच्छ भरलेला. सासऱ्यांनी फाइल मिटली आणि पिशवीतून हळूच स्वतःच्या शुगरचा रिपोर्ट काढला.