दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या दिवसांत अंगणात, वाड्याच्या चौकात, सोसायटीच्या आवारात किंवा नुसत्या गॅलरीच्या कोपऱ्यात दगड, विटा आणि माती रचून मुले जो लहानसा गड उभारतात, त्याला ‘किल्ला’ म्हणतात. तो ‘करतात’ किंवा ‘बांधतात’. महाराष्ट्रात ही प्रथा सर्वदूर आहे आणि बेळगावातल्या मराठी वस्तीतही ती तितक्याच हौसेने पाळली जाते. या किल्ल्याला पूजा नाही, मुहूर्त नाही, सोवळेओवळे नाही. दिवाळीतल्या बहुतेक गोष्टी मोठी माणसे ठरवतात. किल्ला मात्र मुलांच्या ताब्यात असतो.

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की त्याच संध्याकाळी जागा धरली जाते. मग विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या, पत्र्याचे रिकामे डबे, मोडकी खोकी असे जे हाती लागेल ते भिंतीला टेकून रचायचे. हा डोंगराचा सांगाडा. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात आणि वरून मातीचे गोळे थापत जातात. गोणपाटाला ज्या चुण्या पडतात त्याच पुढे सोंडा आणि घळी होतात, त्यामुळे डोंगर आखावा लागत नाही. माती कोणती हा मोठा प्रश्न असतो. देशावरची काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण सुकली की तडकते. म्हणून तिच्यात मुरूम किंवा वाळू मिसळतात. कोकणात तांबडी माती आणि जांभ्याचे तुकडे दारातच असतात, तेव्हा तिथला किल्ला लालच दिसतो. ज्याच्या मागच्या वर्षीच्या बुरुजाला भेग गेली होती तो यंदा माती चाळून घेतो. हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

हिरवळीसाठी अळीव पेरतात. अळिवाचे बी भिजले की त्याभोवती बुळबुळीत चिकट थर धरतो, त्यामुळे ते उभ्या चढावरही चिकटून राहते. मोहरी मात्र ओल्या चिखलात बोटाने दाबावी लागते, नाहीतर घरंगळून पायथ्याशी गोळा होते. दोन दिवसांत अळिवाला मोड फुटतात आणि चार-पाच दिवसांत बोटभर पाने डोलू लागतात. म्हणून वसुबारसेला डोंगर हिरवा हवा असेल तर पेरणी आधीच्या आठवड्यात उरकावी लागते. पाणी तांब्याने ओतले तर बी वाहून जाते, हाताने शिंपडायचे. उशीर झालेल्यांसाठी हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा असतो, पण सकाळी उठून कोंब किती वर आले ते पाहण्यातली मजा भुशाला नाही.

डोंगरानंतर बांधकाम. बुरूज वाटीभोवती किंवा डब्याभोवती माती लिंपून गोल करतात, तट बोटाने चेपत नेतात आणि ओल्या मातीवर आइस्क्रीमच्या काडीने रेघा मारून चिरेबंदी दाखवतात. वाटेवर विटकरीचा भुगा, तळ्याच्या जागी पुरलेली ताटली, वाघाच्या गुहेसाठी नारळाची करवंटी. कारंजे हवे असेल तर पाण्याचा डबा उंचावर ठेवून सलाइनची नळी मातीखालून खेळवतात. डब्यातले पाणी खाली आले की कारंजाही बसतो, आणि दाब कशाला म्हणतात ते पुस्तकाच्या आधी इथे कळते.

किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना ‘चित्रे’ म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात पणत्यांच्या शेजारीच ती विकायला असतात: सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढालतलवारवाले मावळे, तोफा, तुतारीवाला, गवळण, वासुदेव, बैलगाडी, वाघ. शाडूची चित्रे मागे पडून आता प्लास्टर ऑफ पॅरिसची आणि प्लॅस्टिकची अधिक दिसतात. महाराज नेहमी सर्वांत वर आणि सर्वांत मोठे. राजवाड्याच्या दारातून ते आत जाऊ शकणार नाहीत एवढे मोठे असतात, पण त्याने कुणाचे काही अडत नाही, कारण इथे आकार मापाने नव्हे तर मानाने ठरतो. पायथ्याला गाव वसते. तिथे विहीर, शेत आणि देऊळ असते, आणि धाकट्या भावाच्या हट्टाखातर एक हेलिकॉप्टर व ट्रॅफिक पोलीसही उभा राहतो. ही सरमिसळ काढून टाकण्याचा मोह मोठ्यांना होतो, तो आवरावा. ज्याच्याकडे जे आहे ते किल्ल्यावर आलेच पाहिजे, हाच या खेळाचा नियम आहे.

काही किल्ले काल्पनिक असतात, काही खऱ्या गडांच्या प्रतिकृती. प्रतिकृती करताना हातांना जे कळते ते नकाशा पाहून कळत नाही. रायगडाचा महादरवाजा समोरून सरळ दिसेल असा केला की काहीतरी चुकते. तो दोन बुरुजांच्या कुशीत वळवून दडवला की शत्रूची कोंडी कशी होई ते दिसते. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना काढाव्या लागतात आणि संजीवनीला दुहेरी तट घालताना बोटे आत शिरत नाहीत. सिंधुदुर्गाला परातभर पाणी लागते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले 11 महाराष्ट्रातले आणि 1, जिंजी, तमिळनाडूतला. दिवाळीत मुले ज्यांची नावे पाटीवर रंगवतात ते रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा आणि सिंधुदुर्ग त्या यादीत आहेत.

बांधणारा गट वयाने मिश्र असतो. नववी-दहावीतला एखादा दादा किंवा ताई आराखडा ठरवते, मधली मुले चिखल मळतात, लहान्यांकडे पाणी आणण्याचे आणि मांजरावर पहारा ठेवण्याचे काम. मांजर रात्री तळ्यावर येते आणि बालेकिल्ल्यावरून उतरते; सकाळी डागडुजी ठरलेली. फराळाला आलेल्या पाहुण्यांना आधी किल्ला दाखवतात. कुणीतरी गडाची माहिती घडाघडा म्हणून दाखवतो आणि शेजारी नाण्यांसाठी डबा ठेवलेला असतो. संध्याकाळी पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागल्या की दिवसभर ओबडधोबड वाटणारी माती एकदम डोंगर होते.

अनेक गावांत मंडळांच्या किल्ले स्पर्धा होतात. त्यांमुळे मोठमोठे, अभ्यासपूर्ण किल्ले पाहायला मिळतात आणि कित्येक मुले पुढे खरा गड चढायला जातात. पण अचूकतेला गुण मिळू लागले की हेलिकॉप्टर आधी जाते, मग धाकटा भाऊ जातो आणि शेवटी काम मोठ्यांच्या हाती येते. जागा आणि माती दोन्ही दुर्मीळ झालेल्या शहरांत तयार किल्लेही विकत मिळतात. ते शोभेचे आहेत, पण ज्याला चिखल लागला नाही त्याला या अर्थाने किल्ला म्हणता येत नाही.

याच दिवसांत गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवरचे तरुण गवत, कागद आणि बांबूचा नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात. किल्ल्याचे आयुष्य त्याहून जास्त. भाऊबीज झाली तरी तो राहतो, अळीव पिवळे पडते, तट ढासळू लागतो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तो मोडतात. काही मुले त्यात उरलेला सुतळी बॉम्ब लावून शेवटची लढाई करतात, काहींना ते बघवत नाही. चित्रे ओल्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात जातात. हात तुटलेला मावळाही टाकून देत नाहीत. माती कुंड्यांत परत जाते आणि पुढे कित्येक दिवस तुळशीच्या बुंध्याशी अळिवाचे चुकार कोंब उगवत राहतात.