घाटाखालचा ताप, घाटावरचा गोठा

आजऱ्याजवळ माझ्या मामांचा गोठा आहे. तीन म्हशी, एक जर्सी गाय आणि तिचं वासरू. संध्याकाळची धार काढून झाली, दूध डेअरीत घालून आले, की मामा गाईच्या कानामागं, कासेच्या वर, शेपटीच्या बुडाशी हात फिरवतात आणि सापडलेला एकेक गोचीड डिझेल घातलेल्या डब्यात टाकतात. रक्त पिऊन टम्म झालेला गोचीड एरंडाच्या बीएवढा असतो, तो बोटाला लगेच लागतो. त्याची पिल्लं मात्र तिळाएवढी. ती अंगावर चढली तरी कळत नाही.

या सुट्टीत गेले तेव्हा मामांनी तो डबाच माझ्यापुढं धरला. "अगं, असल्या किड्यावर सरकार कोट्यानं पैसं घालतंय म्हणं. आन् तिकडं चीनमधी तसलाच पैसा घालून कोरोना सोडला म्हणत्यात. खरं काय न् खोटं काय?"

मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न कुणी इतका नेमका विचारला नव्हता. मामांना त्या रात्री जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते इथं सलग लिहिते.

आजऱ्याहून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. चंदगडहून तिलारी घाट उतरलं की दोडामार्ग. त्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण सापडले आणि पुढच्या वर्षी सावंतवाडीच्या बांदा भागात. रोग नवा नव्हता. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ जंगलाकडेच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पुण्याहून शास्त्रज्ञ गेले. माकडं मरतात म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची वाटली, कारण तो आशियात कधीच आलेला नव्हता आणि आला असता तर हाहाकार झाला असता. निघाला वेगळाच, तोवर कुणाला माहीत नसलेला विषाणू. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे त्याचं पुस्तकातलं नाव.

हा विषाणू गोचिडात राहतो. पावसाळा संपल्यावर गोचिडाची पिल्लं बाहेर पडतात आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत ती तिळाएवढी मधली अवस्था चावायला टपलेली असते. काजूचा हंगाम नेमका तेव्हाच. पालापाचोळ्यात बसून काजू वेचणारी बाई, जळण आणायला गेलेला माणूस, गुरं चारणारं पोर हे सगळे तिच्या वाटेत येतात. माकड या तापानं मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात, म्हणून मेलेल्या माकडाभोवतीची जागा सगळ्यात धोक्याची. गुरं यानं आजारी पडत नाहीत, पण मोठे गोचीड त्यांच्यावरच पोसतात आणि त्यांच्याबरोबर जंगलातून गावाच्या कडेला येतात. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. पण लागण झालेल्या शंभरांतली तीन ते पाच माणसं दगावतात आणि यावर खास असं औषध नाही.

आता पैशाची गोष्ट. क्यासनूरला गेलेले शास्त्रज्ञ ज्या संस्थेचे होते, ते पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलं होतं. १९६७ मध्ये रॉकफेलरनं हात काढून घेतला आणि तेव्हापासून मुख्य खर्च आपला. १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं, हीच आपली एनआयव्ही. मधल्या काळात एक प्रश्न शास्त्रज्ञांना छळत होता. क्यासनूरचा विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग होता. मग सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो इकडं आला असेल का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सालीम अली यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला, अंगावरचे गोचीड तपासायला सुरुवात केली. आधी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता. पुढं त्यात अमेरिकी लष्कराचा पैसा आला.

आणि इथं ठिणगी पडली. १९७४ मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेनं बातमी दिली, १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं परदेशी पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनावर अख्खा अहवाल दिला. पक्षी कुठून कुठं जातात, कोणता डास कोणत्या हवेत किती दूर उडतो, ही माहिती परक्या लष्कराला कशाला हवी? उद्या जैविक युद्धात ती आपल्यावरच उलटली तर? दिल्लीत डासांच्या प्रजननावर चाललेला एक प्रकल्पही त्यात अडकला. अमेरिकेनं आपल्याला विकलेल्या गव्हाचे जे रुपये इथं साचले होते, त्या पीएल-४८० च्या पैशावर तो चालला होता. सोनिपतला वांझ केलेले नर डास सोडायची तयारी झाली होती, ती थांबली आणि प्रकल्पच गुंडाळला गेला.

पक्ष्यांनी हा रोग आणला याचा पुरावा काही मिळाला नाही. पुढं १९९० च्या दशकात क्यासनूरच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद सापडला तो सौदी अरेबियात. जैविक युद्धाचा आरोपही सिद्ध झाला नाही. तरी मला त्या समितीचे प्रश्न आजही रास्त वाटतात. करारात काय लिहिलंय, माहिती कुठं जाते, काम आधी लोकांना का सांगितलं नाही, हे विचारणं हे संसदेचं कामच होतं. उत्तरं वेळेवर आणि उघड मिळाली असती तर डासांचं ते चांगलं काम बुडालं नसतं, असं माझं मत आहे.

मामा म्हणाले, "म्हंजे आपलं लोक तवापास्नंच भित्यात." भितात, आणि या कामात भिण्यासारखं खरंच काही आहे. ते कुठं आहे आणि कुठं नाही, हे समजायला मामांच्याच गोठ्यातला लम्पी बरा.

लम्पी आपल्या देशात २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा आला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. मामांच्या गाईच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी आल्या, पाय सुजले, चार दिवस तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. ती वाचली, शेजारच्यांची गेली. तेव्हा गावोगावच्या जनावरांना टोचली ती लस खरं तर शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती गाईलाही उपयोगी पडते. आपल्या सरकारी पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं ती लस लम्पीचं नावही इथं कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा करून ठेवली होती. फडताळात तयार होती म्हणून २०२२ मध्ये हाताशी आली.

त्याच सुमारास हिसारच्या सरकारी अश्व संशोधन केंद्रानं खास लम्पीची लस तयार केली. २०१९ मध्ये रांचीच्या गाईंतून वेगळा केलेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवला. त्यातला थोडा घेऊन नव्या पेशींवर, त्यातला थोडा आणखी नव्या पेशींवर, असं पन्नास वेळा केलं. याला आम्ही पॅसेज म्हणतो. दर फेरीत विषाणू त्या पेशींना सरावत जातो आणि सरावता सरावता गाईला आजारी पाडायची खोड विसरतो. गावच्या तालमीतला गडी शहरात येऊन खुर्चीवर बसला, की हळूहळू त्याची कुस्ती सुटते, तसंच. हा मऊ झालेला विषाणू म्हणजेच लस.

हीच पॅसेजची क्रिया उलट्या दिशेनंही चालते. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या रॉन फूशिए यांनी बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू घेतला. हाच विषाणू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आला होता आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. माणसाला तो क्वचितच लागतो, पण लागला तर नोंद झालेल्या रुग्णांतले निम्मे दगावले आहेत. फूशिए यांनी त्याच्यात काही बदल केले आणि तो फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात एकातून दुसऱ्यात असा दहा वेळा फिरवला. शेवटी तो हवेतून पसरायला शिकला. हवेतून लागण झालेले फेरेट मेले नाहीत, हेही सांगायला हवं. अमेरिकेत योशिहिरो कावाओका यांच्या प्रयोगशाळेनंही वेगळ्या वाटेनं तिथंच मुक्काम गाठला. दोन्ही कामांना पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, एनआयएचचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा.

निसर्गात कोणता बदल झाला तर धोका आहे हे आधी कळावं, हा शास्त्रज्ञांचा हेतू. पण तसा विषाणू जगात नव्हता, तो प्रयोगशाळेत जन्माला आला. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतःच काही काळ काम थांबवलं, २०१४ मध्ये अमेरिकी सरकारनं अशा प्रयोगांचा पैसा रोखला, २०१७ च्या अखेरीस नव्या अटी घालून पुन्हा सोडला. गेन ऑफ फंक्शन, म्हणजे विषाणूला नवी ताकद आणणं, हा शब्द कोविडच्या काळात आपण टीव्हीवर ऐकला, त्याचं भांडण हे इतकं जुनं आहे. माझ्यापुरतं सांगते, लस करण्यासाठी विषाणू मऊ करणं आणि काय होतं ते बघण्यासाठी त्याला धार लावणं, या दोन कामांना एकाच खात्यात मांडू नये. दुसऱ्या कामाला पैसा देण्याआधी ते करणाऱ्यांच्या बाहेरच्या माणसांनी परवानगी दिली पाहिजे, आणि ती का दिली हे छापलं पाहिजे.

मामांचा चीनचा प्रश्न इथंच येतो. २०१४ मध्ये एनआयएचनं न्यूयॉर्कच्या इकोहेल्थ अलायन्स या संस्थेला वटवाघळांतल्या कोरोनाविषाणूंच्या अभ्यासासाठी अनुदान दिलं. त्यातले सुमारे सहा लाख डॉलर, आजच्या भावानं पाच कोटी रुपयांच्या आसपास, वुहानच्या विषाणू संस्थेला गेले. तिथं एका कोरोनाविषाणूवर दुसऱ्याचे काटे बसवून उंदरांत तपासले, आणि एका प्रयोगात उंदीर अपेक्षेपेक्षा जास्त आजारी पडले. ते विषाणू कोविडच्या विषाणूपासून इतके दूरचे होते की त्यांच्यापासून तो होणं शक्य नाही, असं एनआयएचनं २०२१ मध्ये एका पत्रात स्पष्ट केलं. पण त्याच पत्रात हेही कबूल केलं की या प्रयोगाचा निकाल इकोहेल्थनं अटीप्रमाणे लगेच कळवला नव्हता. अहवाल जवळजवळ दोन वर्षं उशिरा आला होता. २०२० मध्ये अनुदान तोडलं गेलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये त्या संस्थेवर पाच वर्षांची बंदी आली. कोविड बाजारातल्या प्राण्यांतून आला की प्रयोगशाळेतून निसटला, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवायला लागणारी कागदपत्रं चीननं पूर्ण उघडलेली नाहीत. म्हणून मामांना मी म्हटलं, "सोडला असं म्हणायला पुरावा नाही, मामा. पण हिशेब वेळेवर दिला नाही, याला आहे."

हे आपल्याकडंही घडतं. नागालँडमध्ये मिमी गावाजवळ वटवाघळं पकडायची जुनी परंपरा आहे. तिथल्या माणसांच्या आणि वटवाघळांच्या रक्तात इबोलाच्या घराण्यातल्या विषाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेणारा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. लेखकांच्या यादीत वुहानची नावं होती, पैशात अमेरिकी संरक्षण खात्याचा वाटा होता. कोविड आल्यावर आयसीएमआरनं चौकशी लावली. नमुने देशाबाहेर गेलेच नाहीत, असं हा अभ्यास करणाऱ्या बेंगळुरूच्या संस्थेनं सांगितलं, पण ते सांगावं लागलं बातमी पेटल्यावर. आणि २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत एनआयव्हीला निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा मिळाल्या तेव्हा मला इथं फोनवर विचारणा झाली, की वाड्यातली वटवाघळं मारून टाकू का. मारू नका. युगांडात एका खाणीतली वटवाघळं संपवली, काही वर्षांनी नवी येऊन राहिली, आणि त्यांच्यात माणसाला मारक अशा मारबर्ग विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं.

मग पैसा घालायचा तरी कुठं? अमेरिकेनं प्रेडिक्ट नावाच्या कार्यक्रमावर दहा वर्षांत सुमारे वीस कोटी डॉलर घातले, जगभरच्या प्राण्यांतून शेकडो नवे विषाणू शोधले, आणि कोविड तरीही न सांगता आला. जंगलातला प्रत्येक विषाणू मोजून पुढची साथ ओळखता येत नाही. माणूस, जनावर आणि जंगल जिथं एकमेकांना घासतात तिथं कान लावून बसावं लागतं. माकडताप हे त्याचं सोपं उदाहरण. तिथं लागतं काय, तर मेलेल्या माकडाची खबर, जवळची प्रयोगशाळा, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं काढलेलं अंगाला लावायचं डेपा तेल, आणि लस. यातली लस ही माझी खंत आहे. दशकानुदशकं वापरलेली जुनी लस पुरेशी चालत नाही म्हणून २०२२ च्या सुमारास थांबवावी लागली. लम्पीची लस तीन वर्षांत झाली. माकडताप सापडून साठ वर्षं उलटून गेली, तरी त्याची भरवशाची लस नाही. तो ताप काजू वेचणाऱ्या बायांना येतो.

केंद्रानं २०२१ मध्ये सहा वर्षांसाठी ६४,१८० कोटींची आरोग्य योजना जाहीर केली. तीत माणूस आणि जनावरांचे रोग एकत्र बघणारी संस्था आहे. ती नागपूरला होते आहे, २०२२ मध्ये तिची पायाभरणी झाली. मी तिची मनापासून वाट बघते आहे. कारण आज घाटात माकड मेलं तर ते वनखात्याचं, गाईच्या अंगावरचा गोचीड पशुसंवर्धनाचा, आणि तापलेला माणूस आरोग्य खात्याचा.

हे ऐकून मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागच्या शिमग्यात वरच्या रानात एक वानर मेलतं. आमी खड्डा काढून पुरलं. सांगायचं व्हतं कुणाला?"

डेअरीच्या दुधाच्या पावतीच्या मागं मी तीन ठिकाणं लिहून दिली, वनरक्षक, गुरांचा दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याखाली लिहिलं, हात लावू नका, पुरू नका, आधी फोन करा. मामांनी पावती गोठ्याच्या चौकटीत, डब्याच्या वरच्या खिळ्याला अडकवली.