एचपीव्ही ६ आणि ११: ‘कमी धोक्याच्या’ विषाणूंची पार्श्वभूमी

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हटलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग आठवतो आणि त्याच्याबरोबर १६ आणि १८ हे या विषाणूच्या प्रकारांचे क्रमांक. संशोधकांच्या हाती मात्र आधी लागले ते ६ आणि ११. गुप्तांगावरच्या सुमारे ९० टक्के चामखिळी याच दोघांमुळे होतात. स्वरयंत्रात पुन्हापुन्हा उगवणाऱ्या गाठी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पॅपिलोमा, याही जवळजवळ सगळ्या यांच्याच. तरी त्यांचं नाव ‘कमी धोक्याचे’, कारण धोका इथे फक्त कर्करोगाच्या मापाने मोजलेला आहे. याच गाठींसाठी लहानपणापासून डझनावारी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हे नाव थट्टाच वाटत असणार.

गुप्तांगावरच्या चामखिळी ग्रीक आणि रोमन वैद्यांना चांगल्या ठाऊक होत्या. रोमन लोक त्यांना सरळ ‘अंजीर’ म्हणत आणि त्यावरून एकमेकांची टवाळी करत. त्या संभोगातून येतात असा संशय जुनाच होता, पण पुढे कित्येक शतकं उपदंश आणि परमा यांच्याच खात्यात त्या मांडल्या गेल्या. घशातल्या गाठींची अडचण निराळी होती. जिवंत माणसाचं स्वरयंत्र बघायचं कसं? १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दोन आरसे वापरून स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं, तेव्हा ती वाट खुली झाली. त्यानंतर लंडनचे घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी या गाठी घशातल्या इतर वाढींपासून वेगळ्या ओळखल्या. पण दिसणं म्हणजे कळणं नव्हे. १८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रेडरिकच्या घशातली वाढ याच मॅकेन्झींनी तपासली. तुकडा रोगनिदानशास्त्रातल्या फिर्खोंसारख्या दिग्गजाकडे गेला आणि त्यात कर्करोग दिसला नाही. पुढच्या वर्षी सम्राट झालेला फ्रेडरिक ९९ दिवसांत घशाच्या कर्करोगाने गेला.

चामखिळीमागे विषाणू आहे हे १९०७ मध्ये जुझेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरने दाखवलं. चामखिळीचा अर्क त्याने जिवाणूसुद्धा पार होणार नाहीत अशा गाळणीतून गाळला आणि स्वतःच्या कातडीत टोचला. तिथे चामखीळ उगवली. १९२३ मध्ये उलमान यांनी एका मुलाच्या स्वरयंत्रातल्या गाठीचा अर्क आपल्याच दंडात टोचून घेतला, तिथेही तेच झालं. असे प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती करू देणार नाही, पण घशातली गाठ आणि कातडीवरची चामखीळ यांचं नातं त्यातूनच दिसलं.

संभोगाचा जुना संशय पक्का झाला तो १९५४ मध्ये. कोरियाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या बायकांना काही आठवड्यांतच चामखिळी उठल्याची नोंद प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांनी आईच्या चामखिळी आणि बाळाच्या घशातल्या गाठी यांचा संबंधही मांडला गेला: प्रसूतीच्या वेळी विषाणू बाळाच्या घशात पोहोचतो. तसं घडतं मात्र क्वचितच. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या पाहणीत, चामखिळींचा इतिहास असलेल्या मातांच्या हजार बाळंतपणांमागे ७ मुलांना हा आजार झाला.

मधल्या काळातला एक अध्याय कटू आहे. मुलांच्या घशातल्या गाठी जाळण्यासाठी काही ठिकाणी क्ष-किरणांचा मारा केला गेला. त्यातल्या काहींना वर्षांनंतर तिथेच कर्करोग झाला. विषाणूने सहसा न केलेलं काम उपचाराने करून टाकलं.

खरी कलाटणी जर्मनीत मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही असावा असं विषाणूशास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना वाटत होतं, म्हणून त्यांनी आधी गुप्तांगावरच्या चामखिळी हाती घेतल्या. १९८० च्या सुमारास त्यातून सहावा प्रकार निघाला, १९८२ मध्ये स्वरयंत्रातल्या गाठीतून अकरावा. कर्करोगाच्या तुकड्यांत मात्र सहावा सापडेना. मग अकराव्याचा डीएनए आमिषासारखा वापरून, तंतोतंत नसलेलं साम्यही पकडेल अशा सैल अटींवर शोध सुरू झाला, आणि कर्करोगाच्या नमुन्यांत अंधुक खुणा उमटल्या. त्यांचा माग काढत १९८३ मध्ये सोळावा आणि १९८४ मध्ये अठरावा प्रकार हाती आला. त्सूर हाउझेन यांच्या २००८ च्या नोबेलकडे जाणारा रस्ता असा एका मुकाट घशातून गेला.

फरक कुठे आहे हेही त्यानंतर उलगडलं. १६ आणि १८ यांची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीची बेबंद वाढ रोखणाऱ्या पी-५३ आणि आरबी या दोन पहारेकऱ्यांना निकामी करतात. सहाव्या-अकराव्याची तीच प्रथिनं या कामात दुबळी पडतात. पेशी भराभर वाढतात, कोबीच्या फुलासारखा गड्डा बनतो, पण तो शेजारच्या ऊतींत सहसा घुसत नाही. अर्थात मुलाच्या बारीकशा श्वासमार्गात घुसायची गरजही नसते, नुसतं वाढणं पुरतं.

२००६ मध्ये आलेल्या गार्डासिल लशीत १६ आणि १८ यांच्या जोडीला ६ आणि ११ घातले गेले, त्याच सुमाराच्या सर्व्हारिक्स या दुसऱ्या लशीत नाही. कर्करोगावरचा परिणाम दिसायला दशकं लागतात, चामखिळी काही महिन्यांत उठतात, म्हणून लस काम करते आहे हे आधी त्यांच्यावरूनच कळलं. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींना ही लस सुरू झाली. लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या २१ वर्षांखालच्या तरुणींमध्ये चामखिळींचं प्रमाण ११.५ टक्के होतं, ते २०११ पर्यंत १ टक्क्याच्या खाली आलं. मग घशांची पाळी आली. मुलांमधल्या या आजाराच्या तिथल्या नोंदीत २०१२ मध्ये ७ नवे रुग्ण होते, २०१६ मध्ये १. या पाच वर्षांत नोंदल्या गेलेल्या मुलांपैकी एकाच्याही आईने गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती.